ओसरी बदलता येते

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ वर जायचं तर यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, प्रोसेसरही ठरावीक पिढीपुढचा हवा. म्हणजे ज्यांचा पंखा अजून फिरतो, पडदा उजळतो, कीबोर्डावरची दोन-चार अक्षरं तेवढी पुसली गेली आहेत, असे कितीतरी धडधाकट लॅपटॉप त्या दिवशी म्हातारे ठरले. माझ्या मावशीचा त्यातलाच एक. मावशी निवृत्त शिक्षिका. लॅपटॉपवर तिची कामं मोजकी: भिशीचा हिशेब, जुनी नाट्यगीतं, नातवाशी व्हिडिओवर गप्पा आणि गेली तीन वर्षं सुरू असलेलं आठवणींचं लेखन. पहिली नेमणूक जावळीच्या खोऱ्यातल्या एका शाळेवर झाली होती, तिथल्या आठवणी.

"याला आता भंगारवाल्याला द्यायचा का रे?" तिने विचारलं.

"भंगारवाला कुठे पळून जातोय? एक रविवार मला दे," मी म्हटलं.

त्या रविवारी काय केलं ते पुढे सांगतो. त्याआधी एक जुनी तारीख. योगायोगाने तीही १४ ऑक्टोबरच, पण २९ वर्षं आधीची. १९९६ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या मथियास एट्रिख या तरुणाने इंटरनेटवर एक निवेदन टाकलं. लिनक्स तेव्हा अवघं पाच वर्षांचं होतं. चालायचं उत्तम, दिसायला मात्र बारभाईंचा कारभार. एका प्रोग्रॅमचा मेन्यू वर असायचा, दुसऱ्याचा माउसच्या उजव्या बटणामागे लपलेला. एकात सरकपट्टी डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. एकातून उचललेला मजकूर दुसऱ्यात उतरेलच याची खात्री नाही. एट्रिखचं म्हणणं असं की यंत्रं सांभाळणाऱ्या तज्ज्ञांची सोय पुष्कळ झाली. आता इंटरनेट बघणाऱ्या, चार पत्रं लिहिणाऱ्या, एखादा खेळ खेळणाऱ्या साध्या माणसासाठी एकजिनसी काहीतरी हवं. या योजनेला त्याने नाव दिलं 'कूल डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट'. कूलचं स्पेलिंग मुद्दाम 'के'पासून, कारण युनिक्सच्या महागड्या यंत्रांवर 'सीडीई' नावाचा डेस्कटॉप होता, त्याला ही कोपरखळी. तेच आजचं केडीई. 'के'चा अर्थ पुढे गळून पडला, अक्षर तेवढं राहिलं.

एट्रिखच्या डोळ्यांसमोरचा तो साधा माणूस म्हणजे माझी मावशीच, असं मला वाटत आलं आहे.

लिनक्सच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाची पहिली अडचण यंत्राची नसते, नावांची असते. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही एक रांग. ग्नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई ही दुसरी. यातलं लिनक्स कोणतं? विंडोज वापरणाऱ्याला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. तिथे दिसतं ते आणि चालतं ते एकच, निदान तसं भासतं तरी.

कोकणातलं एखादं जुनं घर आठवा. पाहुणा ओसरीवर टेकतो. पाणी, चहा, गप्पा सगळं तिथेच. माजघरात, कोठीत, चुलीपाशी काय चाललंय ते त्याला दिसत नाही, दिसायची गरजही नसते. घर म्हटलं की त्याला ओसरीच आठवते. संगणकाचंही तसंच. चिन्हं, मेन्यू, खालची पट्टी, विंडोच्या कोपऱ्यातली फुली ही झाली ओसरी. लिनक्स हे नाव मात्र खरं तर माजघराचं आहे. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतलेला तो गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीची वाटणी करतो, डिस्कवर लिहितो, कळ दाबली की नोंद घेतो. विंडो ही काय चीज असते हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नाही.

पडद्यावर चौकोन उमटवण्याचं काम वेगळ्या कारागिराचं. त्याचं नाव एक्स. हा लिनक्सहून थोरला. अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ साली जन्मला. १९८७ साली त्याची अकरावी आवृत्ती आली आणि तोच आकडा आजतागायत चालू आहे. हल्ली त्याची जागा हळूहळू वेलँड घेत आहे. ते काम क्रिस्टियन हॉग्सबर्गने २००८ साली सुरू केलं. एक्सचा स्वभाव मोठा अलिप्त. तो चौकोन काढून देतो, पण त्या चौकोनाला शीर्षकपट्टी हवी का, फुली डावीकडे की उजवीकडे, यात तो पडत नाही. ते विंडो मॅनेजरने ठरवायचं. त्याच्या जोडीला एक पट्टी, एक मेन्यू, फायली दाखवणारा एक प्रोग्रॅम, आवाज आणि उजेड कमीजास्त करायची सोय, मागची भिंत रंगवणारा कुणीतरी. ही सगळी मंडळी एका वळणाची, एकमेकांची भाषा समजणारी अशी एकत्र आणली की झालं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. आणि कर्नलपासून या ओसरीपर्यंतचं सगळं सामान एका खोक्यात बांधून देतात त्याला म्हणायचं डिस्ट्रो. उबुंटू, मिंट ही खोकी. ग्नोम, केडीई ही ओसरीची नावं. तीच ओसरी दोन खोक्यांत सापडते आणि एकाच खोक्यात तीन प्रकारच्या ओसऱ्याही मिळतात.

हे पोथीतलं ज्ञान वाटत असेल तर एक प्रयोग सांगतो. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर दोन-तीन विंडो उघडून ठेवा. एकात अर्धवट वाक्य लिहा, न साठवता. मग ऑल्ट आणि एफ२ दाबा, आलेल्या छोट्या चौकटीत इंग्रजी 'आर' हे एकच लहान अक्षर लिहा आणि एंटर करा. क्षणभर पडदा लुकलुकतो, खालची पट्टी नाहीशी होते, पुन्हा येते. अख्खी ओसरी पाडून तुमच्यासमोर नव्याने बांधली गेली आणि अर्धवट वाक्य जिथल्या तिथे आहे. याहून धीट प्रयोग म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३. सगळं चित्र जातं. काळ्या पडद्यावर नाव विचारणारी एक ओळ उरते. हे माजघर. घाबरायचं नाही, मिंटवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ७ दाबलं की परत ओसरीवर.

मग या ओसऱ्या इतक्या का? याचं उत्तर अभियांत्रिकीत शोधाल तर मिळणार नाही. ते भांडणांत आहे.

एट्रिखने केडीई उभारताना बटणं, मेन्यू, याद्या काढण्याचं तयार साहित्य घेतलं ते ट्रोलटेक या नॉर्वेतल्या कंपनीचं. त्या साहित्याचं नाव क्यूट. उत्तम होतं, पण त्याचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसत नव्हता. ज्या घराची जमीनच दुसऱ्याच्या नावावर, त्याला स्वतंत्र कसं म्हणायचं, असा आक्षेप आला. मेक्सिकोतल्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोघांनी दुसरं घर बांधायला घेतलं, ग्नोम. त्यासाठी त्यांनी जीटीके हे साहित्य वापरलं. ते मुळात जिम्प या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅमसाठी बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेलं. ग्नोमच्या घोषणेचा दिवस होता १५ ऑगस्ट १९९७. आपल्याकडे त्या दिवशी स्वातंत्र्याची पन्नास वर्षं साजरी होत होती. मेक्सिकोतल्या त्या दोघांच्या मनात ते असण्याचं कारण नाही, पण सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावरून सुरू झालेल्या कामाला याहून चांगला मुहूर्त आपल्या पंचांगातही सापडला नसता.

गंमत पुढे आहे. २००० साली क्यूट मुक्त परवान्याखाली आलं. भांडणाचं मूळ कारण संपलं. पण भाऊबंदकीत एकदा मध्ये भिंत पडली की वाद मिटल्यावरही ती कोण पाडतं? तोवर दोन्ही घरांत चुली पेटल्या होत्या, माणसं रुळली होती, सवयी वेगळ्या झाल्या होत्या. आज पाव शतकानंतर केडीई म्हणजे प्रत्येक खुंटीची उंची ठरवायची मुभा आणि ग्नोम म्हणजे खुंट्या कमी, भिंती स्वच्छ, असा दोघांचा स्वभावभेद आहे. दोन्ही घरांना आपापले कट्टर पाहुणे आहेत.

दुसरं भांडण २०११ चं. ग्नोमची तिसरी पिढी आली आणि तिने खालची पट्टी, डेस्कटॉपवरची चिन्हं, विंडो खाली सारायचं बटण असं बरंच काही काढून टाकलं. लोक खवळले. स्वतः टोरवाल्ड्सने जाहीर टीका केली आणि काही काळ एक्सएफसीईवर बस्तान हलवलं. पुढे तो ग्नोमवर परतलाही. या रागातून दोन नवी घरं उभी राहिली. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोमची जुनी, दुसरी पिढी तशीच पुढे चालवायला घेतली. तिला नाव दिलं तिकडच्या पेयाचं, माते. दुसरं घर मिंटवाल्यांचं. क्लेमाँ लफेव्र याने २००६ साली सुरू केलेल्या लिनक्स मिंटने ग्नोमचंच नवं साहित्य घेऊन जुन्या वळणाची ओसरी रचली. तीच सिनॅमन.

नावांविषयी थोडं अवांतर. ग्नोममधल्या फायली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव होतं नॉटिलस, म्हणजे ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतली पाणबुडी. सिनॅमनवाल्यांनी त्याची स्वतंत्र शाखा काढली तेव्हा नाव ठेवलं नेमो, त्या पाणबुडीचा कप्तान. आणि व्हर्नच्याच पुढच्या एका कादंबरीत उलगडतं की हा नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. मावशी इतिहास शिकवायची. तिला हे सांगितल्यावर त्या फोल्डरच्या चिन्हाकडे तिने जरा आदराने पाहिलं. ग्नोमच्या विंडो मॅनेजरच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग हॉटेलातल्या मेन्यूकार्डावरच्या मटरसारखं आहे. हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

आता निवड. नवख्याला दहा नावं सांगून 'तुझं तू ठरव' म्हणणं हा सौजन्याचा देखावा आहे असं माझं मत आहे. विंडोजवरून येणाऱ्या माणसाला मी मिंटची सिनॅमन आवृत्ती देतो. पट्टी खाली, मेन्यू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या. हाताला लागलेली सवय मोडायला लागत नाही. यंत्र फारच अशक्त असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती. ओलिव्हिए फूर्दाँने १९९६ सालीच सुरू केलेला हा डेस्कटॉप गाजावाजा न करता चालतो. त्याचं बोधचिन्ह उंदीर आहे, खाणंही तेवढंच. मिंटवाले स्वतः किमान २ जीबी रॅम सांगतात आणि आरामात चालायला ४ जीबी. माझा अनुभव त्यापुढे जाऊन सांगतो की खरी भूक डेस्कटॉपला नसते, ब्राउझरला असते. वीस टॅब उघडून 'लिनक्स हळू आहे' म्हणणाऱ्याला कोणतीही ओसरी पुरणार नाही. मोबाइलसारखं नवं वळण आवडणाऱ्याने ग्नोम पाहावा, आणि ज्याला घरातली प्रत्येक वस्तू स्वतः मांडल्याशिवाय झोप येत नाही त्याने केडीई.

तर तो रविवार. मिंटची आयएसओ फाइल साधारण तीन जीबीची. ती उतरवून रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी करून चालत नाही, आणि चढवताना ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. रूफस विचारतो तेव्हा दोनदा वाचा. मी एकदा घाईत लग्नाच्या फोटोंचा ड्राइव्ह निवडला होता. त्यावर घरात अजून बोललं जातं. मग यंत्र बंद करून, पेन ड्राइव्ह लावून, सुरू करताक्षणी बूट मेन्यूची कळ दाबायची. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच यंत्रांत ती एफ१२ असते, एचपीत बहुधा एफ९. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की मिनिटभरात मिंट समोर येतं. डिस्कला हातही न लावता. याला म्हणतात लाइव्ह.

इथे थांबा. बहुतेक लोक पुढच्या दहा मिनिटांत 'इन्स्टॉल' दाबतात आणि मग महिनाभर कुरकुरतात. लाइव्हमध्ये एक तास बसा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, पडद्याचा उजेड कमी होतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, प्रिंटर सापडतो का. पेन ड्राइव्हवरून चालत असल्यामुळे सगळं थोडं संथ वाटेल, ते मनावर घेऊ नका. मावशीच्या लॅपटॉपवर वायफाय सोडून सगळं चाललं. वायफायची चिप अशा कंपनीची निघाली जिचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट दिलं, मेन्यूतला ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने सुचवलेला ड्रायव्हर निवडला, झालं. ही मोबाइलची युक्ती लक्षात ठेवा; लिनक्सवरचे अर्धे पेचप्रसंग तिने सुटतात.

बसवताना प्रश्न एकच खरा: विंडोज ठेवायचं की नाही. ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू आहे का ते बघा आणि असेल तर ती ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या फायली वाचता येतात पण लिहिता येत नाहीत. आणि दोन्ही नांदायला लागल्यावर एखाद्या दिवशी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर भुताटकी समजू नका. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. मधलं अंतर म्हणजे आपली भारतीय प्रमाणवेळ. मावशीला विंडोज नको होतं. तिच्या सगळ्या फायली आधी दुसऱ्या डिस्कवर काढल्या, उघडून तपासल्या आणि मग अख्खी डिस्क मिंटला दिली. वीसेक मिनिटं लागली.

"सी ड्राइव्ह कुठे गेला?" हा तिचा पहिला प्रश्न, आणि तो सगळ्यांचाच असतो. लिनक्समध्ये सी, डी अशा खोल्या नाहीत. एकच मूळ, त्याला फुटलेल्या फांद्या. तुमचं सगळं 'होम' नावाच्या फांदीवर, तुमच्या नावाच्या फोल्डरात. पेन ड्राइव्ह लावला की तोही याच झाडाला एक डहाळी म्हणून जोडला जातो. एवढं कळलं की पुरे. बाकीचं झाड सहा महिने नाही पाहिलं तरी बिघडत नाही. इंग्रजी नावं देताना मात्र जपा. मोठ्या आणि लहान लिपीतली अक्षरं इथे वेगळी धरतात, त्यामुळे एकाच नावाच्या वाटणाऱ्या दोन फायली शेजारी शेजारी सुखाने राहू शकतात. देवनागरीत ही भानगडच नाही.

दुसरी सवय मोडायची ती प्रोग्रॅम शोधत इंटरनेटभर हिंडण्याची. मेन्यूतल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधायचं, बसवायचं, नको झालं की तिथूनच काढायचं. मोबाइलवर हे आपल्याला आता अंगवळणी पडलंय, पण लिनक्सवाले प्ले स्टोअर जन्मायच्या कितीतरी आधीपासून असंच करत आले आहेत. काही बसवताना पासवर्ड विचारला जातो, कारण माजघरात शिरायची परवानगी घरच्या माणसानेच द्यायची. टर्मिनलात, म्हणजे आज्ञा लिहून द्यायच्या विंडोत, पासवर्ड लिहिताना मिंट तारका दाखवतं. दुसऱ्या अनेक डिस्ट्रोंत काहीच उमटत नाही आणि लोकांना वाटतं कीबोर्ड मेला. पहिल्याच दिवशी टाइमशिफ्टही लावून टाका. तो व्यवस्थेची वरचेवर प्रत काढून ठेवतो आणि काही फसलं तर कालच्या स्थितीत परत नेतो. तुमच्या लेखांची, फोटोंची प्रत तो काढत नाही. ती वेगळी काढायची. इथे अनेकजण गाफील राहतात.

हाताच्या सवयी हळूहळू लागतात. विंडोजचं चिन्ह असलेली कळ दाबली की मेन्यू उघडतो आणि लगेच दोन अक्षरं लिहिली की हवा तो प्रोग्रॅम पुढे येतो. माउसने मजकूर नुसता निवडायचा आणि दुसरीकडे जाऊन चाक दाबायचं, मजकूर तिथे उतरतो. कॉपी नाही, पेस्ट नाही. ही एक्सच्या काळातली जुनी सोय आहे आणि ती एकदा हाताला लागली की दुसऱ्याच्या विंडोजवर बसल्यावर चुकल्यासारखं वाटतं. कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबला की शेजारची कामाची जागा येते. मावशीने एकीवर हिशेब ठेवला आहे, दुसरीवर आठवणी. भिशीचे आकडे डोळ्यांसमोर असले की म्हणे लिहायला सुचत नाही.

आता मराठी. इथे लिनक्स कधीच मागे नव्हतं, पण ते सांगणारं कुणी भेटत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवायची सोय आहे. तिथे भारताच्या यादीत मराठीचा इनस्क्रिप्ट सापडतो. ध्वनीनुसार, म्हणजे रोमन अक्षरं दाबून लिहायची सवय असेल तर आयबस आणि त्याच्या जोडीचं एम१७एन बसवा. त्यात तीही सोय आहे. माझा कल इनस्क्रिप्टकडे. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली ही मांडणी भारतीय लिप्यांच्या स्वभावावर बेतलेली आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. शिकायला आठवडा लागतो, पण मराठीचे बारकावे मग हातात येतात. उदाहरणार्थ दर्या आणि दऱ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. पहिल्यासाठी 'द'नंतर साधा र, मग हलन्त, मग 'या'. दुसऱ्यासाठी फरक एकाच कळीचा: र च्या कळीबरोबर शिफ्ट दाबायची, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो आणि हलन्त लागताच त्याची डोळ्याच्या पापणीसारखी खूण होते. जावळीच्या आठवणींत दऱ्या पानोपानी. इतकी वर्षं मावशी तो शब्द एका जुन्या पानावरून उचलून आणत होती. त्या रविवारी तिने तो पहिल्यांदा स्वतः टंकला आणि मग उगीचच सहा वेळा टंकला.

फॉन्टचंही एक सांगायला हवं. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या लोहित फॉन्टांची देखभाल अनेक वर्षं तिच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी केली. लोहित म्हणजे लाल, म्हणजे टोपीचा रंग. मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता फॉन्टही मोफत आहे आणि वाचायला सुरेख. काही देवनागरी फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श आत दडलेले असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्याखेरीज बाहेर येत नाहीत. लिबरऑफिसमध्ये ती निवड करा, पान एकदम आपलं दिसू लागतं. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टांत लिहिलेल्या जुन्या फायली मात्र इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतील. तो लिनक्सचा दोष नाही; तोच फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही हेच होतं. परिवर्तक वापरून त्या युनिकोडमध्ये आणाव्या लागतात आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घालाव्याच लागतात. मेन्यूही मराठीत करता येतात. मावशीने दोन दिवस करून पाहिले आणि परत इंग्रजी केले. अनुवाद अधूनमधून राहून गेलेले आहेत, आणि मोबाइलवर नातवाला विचारायचं तर दोघांपुढे एकच शब्द हवा, हे तिचं कारण मला पटलं.

न चालणाऱ्या गोष्टी लपवण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस, फोटोशॉप आणि टॅली यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या नाहीत. वाइन नावाचा प्रोग्रॅम विंडोजची बरीच कामं इथे करवून घेतो, १९९३ पासून त्याचं काम चालू आहे, पण ज्या दुकानाचा सगळा धंदा टॅलीवर आहे त्याला मी वाइनच्या भरवशावर इकडे ओढणार नाही. त्याने विंडोजवरच राहावं.

राहिली गोष्ट ओसरी बदलण्याची. सिनॅमन असतानाही सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एक्सएफसीई आणता येतो. मग लॉगिनच्या पडद्यावर नावाशेजारच्या छोट्या चिन्हातून आज कुठे बसायचं ते निवडायचं. पण जरा जपून. दोन ओसऱ्यांचं सामान एकाच मेन्यूत शिरतं: दोन फाइल मॅनेजर, दोन टर्मिनल, दोन सेटिंगच्या याद्या. शिवाय एकीत बदललेला रंग दुसरीत उगवतो. म्हणून प्रयोग करायचे तर यंत्रावर वेगळ्या नावाने दुसरं खातं उघडा आणि तिथे काय हवा तो धिंगाणा घाला. सेटिंगं ज्याच्या त्याच्या होम फोल्डरात राहतात, त्यामुळे तुमच्या मूळ खात्याला धक्का लागत नाही. त्याहून सोपं म्हणजे दुसऱ्या डेस्कटॉपचा लाइव्ह पेन ड्राइव्ह करून एक दुपार त्यावर काढायची.

महिन्याभराने मावशीचा फोन आला. खालची पट्टी थिजली होती. मेन्यू उघडत नव्हता, घड्याळ सव्वाअकरावर अडकलेलं आणि सकाळपासून लिहिलेली दोन पानं साठवायची राहिलेली. आवाजात रडू होतं.

"बटण दाबून बंद करू का रे?"

"अजिबात नको. कंट्रोल, ऑल्ट आणि डाव्या कोपऱ्यातली एस्केप. तिन्ही एकदम दाब."

पलीकडे शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"लुकलुकलं," ती म्हणाली. "पट्टी आली. आणि दऱ्या आहेत तिथेच आहेत."